गुडघ्याखालचं टेंगूळ

चड्डी पोरीसाठी शिवायची आहे हे कळल्यावर शिंप्यानं हातातली टेप गळ्यात टाकली आणि तो बाबांकडं बघत राहिला. गोरेगावचा बाजाराचा दिवस होता. दुकानाच्या फळीवर खेड्यापाड्यांतून आलेली तीन-चार माणसं टेकली होती, तीही आमच्याकडं बघायला लागली.

"सर, पोरीची?" शिंप्यानं पुन्हा विचारलं.

"व्हय. गुडघ्याखाली येईल अशी. पळायला पाहिजे."

"त्यापेक्षा परकर शिवून देतो. घेर कमी ठेवतो."

"घेर कमी ठेवला की पाय अडकतो. जास्त ठेवला की वारा भरतो. चड्डीच शिवा."

शिंप्यानं टेप काढून बाबांच्या हातात दिली. "मग माप तुमीच घ्या." बाबांनी घेतलं. भर दुकानात माझ्यापुढं उकिडवं बसून त्यांनी कंबर मोजली, मांडी मोजली, कमरेपासून गुडघ्याच्या खालपर्यंतचं अंतर मोजलं आणि मोठ्यानं आकडे सांगितले. लांब उडीचा खड्डा मोजताना ते जसे असायचे, अगदी तसेच. फळीवरचा एक म्हातारा म्हणाला, "मास्तर, पोरीला पोलिसात घालून राहिले का?" बाकीचे हसले. बाबाही हसले. त्यांना ते कौतुक वाटलं असावं. मी मान खाली घातली तेव्हा मला माझे स्वतःचेच पाय दिसले, आणि हे झाकून ठेवायचे असतात हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. मी सहावीत होते.

बाबा आमच्या गावच्या शाळेत खेळाचे शिक्षक होते. घरी ते बाबा आणि शाळेत सर. चुकून शाळेत 'बाबा' म्हटलं तर ते ऐकू न आल्यासारखं करायचे. आमच्या बौद्धवाड्यात सरकारी पगार घेणारे ते पहिलेच. लहानपणी ते स्वतः फार जोरात पळायचे, पण शाळेनं त्यांना कधी शर्यतीत उतरवलं नाही. "मैदानाच्या कडंला बसवायचे," त्यांनी मला एकदाच सांगितलं होतं, "बाकीच्या पोरांचे कपडे राखायला." ते सांगतानाही त्यांचा आवाज चढला नव्हता. पुढं ते शहरात जाऊन खेळाच्या मास्तरकीचा कोर्स करून आले. तिथं त्यांच्याकडून पोलीस भरतीतल्या गड्यांसारखी मेहनत करून घेतली होती. ऐन बाविशीत ती त्यांना मानवली. येताना त्यांनी एक शिट्टी, एक पांढरी पँट आणि तीच मेहनत बरोबर आणली.

मी जोरात पळते हे त्यांच्या ध्यानात आलं ते दुष्काळात. शाळेत तेव्हा सुकडी, म्हणजे दुष्काळी मदतीतला भाजलेल्या पिठाचा गोड चुरा, वाटायचे. बाबांना पगार होता, पण त्या पगारावर आजोबा, दोन काका आणि त्यांची लेकरं एवढी माणसं जेवायची. पैसे असले तरी ज्वारी मिळायची नाही, मिळाली तर ती अमेरिकेहून आलेली लाल मिलो. तिची भाकरी आईच्या हातालाही थापायला यायची नाही. सुकडीचं पातेलं शाळेच्या फाटकातून आत आलं की पोरं सुटायची, आणि सातवीच्या पोरांच्याही आधी मी तिथं पोचलेली असायची. मी भुकेनं पळत होते. बाबांना त्यात फक्त वेग दिसला.

"ही पोरगी जिल्ह्याला जाईल," ते आईला म्हणाले.

"आधी आठवीला जाऊ द्या," आई म्हणाली.

दुष्काळ सरला, पाऊस झाला आणि माझी मेहनत सुरू झाली. पहाटे उठून गावाबाहेरच्या मुरमाच्या रस्त्यानं ओढ्यापर्यंत पळायचं आणि परत यायचं. मग शाळेच्या मैदानात बैठका. मग बेडूकउड्या, मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, हात डोक्यामागं बांधून. सगळ्यात शेवटी शाळेच्या उंच ओट्यावरून खाली उडी मारायची, पुन्हा वर चढायचं, पुन्हा उडी मारायची. यानं पायांत ताकद येते, असं बाबा म्हणायचे. खाली माती नव्हती, चोपून बसवलेला मुरूम होता. त्यांच्या कोर्समध्ये हे सगळं दाढी-मिशा आलेल्या माणसांनी केलं होतं. मी त्याच्या निम्मं करायची, म्हणून ते लेकराला सोसेल असं त्यांनी धरलं होतं.

मला ते आवडायचं, हे सांगायलाच हवं. चड्डीची लाज होती, रस्त्यानं शेताकडं जाणारी बायामाणसं थांबून बघायची, एखादा बैलगाडीवाला मुद्दाम बैल हाकत बरोबर यायचा, ते सगळं होतं. पण पळायला लागल्यावर थोड्या वेळानं मी ते विसरून जायची. ओढ्याजवळ पोचेपर्यंत कानात नुसता वारा असायचा आणि बाबांची सायकल मागं पडलेली असायची.

सातवीत माझी उंची एकदम वाढायला लागली. दिवाळीला शिवलेला फ्रॉक होळीला आखूड झाला. आई हेम उसवून खाली सोडायची, तरी पुरायचा नाही. वर्गातल्या पोरी दप्तर छातीशी धरून, जराशा वाकून चालायला लागल्या होत्या. मीही तशीच चालायची. ड्रिलच्या तासाला बाबांना ते दिसायचं. ते रांगेतून फिरत यायचे आणि सगळ्या वर्गासमोर माझ्या पाठीत बोट रुतवायचे. "खांदे माघं! छाती पुढं! सरळ उभी राहा!" मागच्या रांगेतली पोरं फिस्कन हसायची. बाबांना का हसले ते कळायचं नाही. ते पोरांना शिक्षा करायचे, आणि मग मधल्या सुट्टीत ती पोरं माझ्यामागून छाती काढून चालायची.

त्याच दिवसांत माझ्या उजव्या गुडघ्याखाली दुखायला लागलं.

पहिल्यांदा नुसतं पळून आल्यावर दुखायचं. मग जिना चढताना, मग मांडी घालून उठतानाही. गुडघ्याच्या वाटीखाली, नळीचं हाड सुरू होतं तिथं एक टेंगूळ आलं. त्याला बोट लागलं तरी डोळ्यांत पाणी यायचं. मी कुणाला सांगितलं नाही.

का सांगितलं नाही, याचं कारण आज कुणाला पटणार नाही. आई उठता-बसता म्हणायची, "आता तू शानी व्हायला आलीस. अंग बदलतं. मग पळणं बिळणं बंद." मला वाटलं, हे टेंगूळ म्हणजे तेच. पोरीचं अंग असं ठिकठिकाणी फुगतं, दुखतं, त्यातलाच हा एक भाग. गुडघ्याचं सांगितलं तर बाकीचंही सगळं उघडं पडेल आणि दोघं मिळून माझं पळणं थांबवतील. विचारायचं तरी कुणाला? बाबांना असलं विचारायची सोय नव्हती. आईला विचारलं असतं तर तिनं त्याच दिवशी चड्डी काढून घेतली असती. मी तिच्या जुन्या लुगड्याची चिंधी फाडली, तिळाचं तेल लावून ती गुडघ्याखाली आवळून बांधायला लागले. आईनं चड्डीचाही काठ उसवून खाली सोडला होता, त्याखाली चिंधी बराबर लपायची. बेडूकउड्या मारताना मी ओठ आत ओढून धरायची. बाबा म्हणायचे, "शाबास. तोंड बंद ठेवून श्वास घ्यायचा, असाच."

एका पौर्णिमेला वाड्यात वंदनेला सगळे जमले होते. वंदनेत गुडघे टेकून, हात आणि कपाळ जमिनीला लावून तीनदा नमस्कार करायचा असतो. सगळ्यांनी गुडघे टेकले. मी नुसती एका कुशीवर कलून बसले आणि हात जोडले. शेजारी एक वयस्कर बाई होत्या, नात्यानं माझ्या आत्या लागायच्या. त्या मोठ्यानं म्हणाल्या, "सराच्या पोरीला गुडघे टेकायला लाज वाटून राहिली का?"

पुढच्या रांगेतून बाबांनी मागं वळून बघितलं. मी गुडघे टेकले. फरशी नव्हती, शेणानं सारवलेली जमीन होती, तरी गुडघ्याखाली कुणी खिळा ठोकावा तशी कळ गेली. तीन नमस्कार मी केले. वर उठले तेव्हा माझं तोंड भिजलं होतं. आत्या म्हणाल्या, "बघा, चूक कळली की लेकराला रडू येतं."

घरी येताना बाबा म्हणाले, "शर्यतीत नंबर आला म्हणजे माणूस मोठा होत न्हाई. खाली वाकता आलं पाहिजे."

मी "व्हय" म्हटलं.

हिंगोलीच्या स्पर्धा पुढच्या थंडीत आल्या. तालुक्याच्या शाळा एका मोठ्या मैदानावर जमल्या होत्या. चुन्याच्या रेषा मारल्या होत्या, कर्णा लावला होता. शहरातल्या पोरींच्या पायांत पांढरे कॅनव्हासचे बूट होते आणि अंगावर एकसारखे स्कर्ट. आमच्या शाळेची मी एकटीच मुलगी, अनवाणी, खाकी चड्डीत. बाबांनी त्यांची पांढरी पँट इस्त्री करून घातली होती. आमच्या वाड्यातली चार माणसं एस. टी.नं मुद्दाम आली होती. रेषेवर उभी राहिले तेव्हा पलीकडून कुणीतरी हिंदीत म्हणालं, "ये लड़का इधर क्यों खड़ा है?" आणि हशा पिकला.

शिट्टी झाली. पहिल्यांदा मी पुढं होते. मैदानाला वळसा घालून शेवटच्या सरळ पट्ट्यात आले, तेव्हा पुढं फक्त चुन्याची रेषा आणि दोरी धरून उभे असलेले दोन मास्तर होते. आणि पाय जमिनीवर टेकल्यावर गुडघ्याखाली काहीतरी उपटून निघाल्यासारखं झालं. मी पडले नाही. मी खाली बसले. शर्यत चालू असताना, सगळ्या मैदानासमोर, पट्ट्याच्या मधोमध मी दोन्ही हातांनी पाय धरून बसले आणि मागच्या पोरी माझ्या दोन्ही बाजूंनी निघून गेल्या.

बाबा चुन्याची रेषा ओलांडून पळत आले.

"ऊठ," ते म्हणाले. "राहिलंय किती? ऊठ."

"उठता येईना."

"नाटक करू नको. सगळे बघून राहिलेत. ऊठ."

ते हळू बोलत नव्हते. आमच्या वाड्यातली माणसं दोरीपर्यंत आली होती. कर्ण्यावरचा माणूस बोलायचा थांबला होता, त्यामुळं 'नाटक' हा शब्द सगळ्यांना ऐकू गेला असणार. त्यांनी माझा दंड धरून मला उभं केलं. मी एका पायावर उभी राहिले आणि पुन्हा खाली बसले.

तेवढ्यात शहरातल्या मुलींच्या शाळेच्या खेळाच्या बाई तिथं आल्या. नऊवारी नाही, पाचवारी साडी, पदर कमरेला खोचलेला, गळ्यात शिट्टी. त्या माझ्याजवळ मातीत बसल्या, चड्डीचा काठ वर सरकवला आणि चिंधी सोडली. तेलानं काळी पडलेली ती चिंधी त्यांनी बाजूला ठेवली. टेंगूळ सगळ्यांना दिसलं. लाल, चकाकणारं, लहान कांद्याएवढं. मला वाटलं, आता सगळ्यांना कळलं. काय कळलं, ते मला सांगता आलं नसतं, पण मी दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"केव्हापासून आहे हे, बाळ?"

"सातवीपासून."

"आता कितवीत?"

"आठवीत."

बाई बाबांकडं वळल्या. "सर, तुम्हाला माहीत नव्हतं?"

"तिनं मला सांगितलं न्हाई," बाबा म्हणाले.

"तुम्ही विचारलं होतं का?"

बाबांची नजर त्या चिंधीवर होती. ती आईच्या लुगड्याची आहे हे त्यांनी ओळखलं होतं.

बाईंनीच आम्हाला डॉक्टरकडं नेलं. डॉक्टरांनी दाबून बघितलं, पाय वाकवायला लावला आणि मग काय काय करून घेता ते बाबांना विचारलं. बाबांनी सगळं सांगितलं, रस्ता, बैठका, बेडूकउड्या, ओट्यावरच्या उड्या. ते मोठ्या वर्गात फळ्यासमोर उभं केलेल्या पोरासारखे उभे होते. मला ते बघवेना. मी भिंतीकडं तोंड केलं.

"हे बघा," डॉक्टर म्हणाले, "वाढत्या वयात हाडाची टोकं अजून कच्ची असतात. मांडीचा सगळा जोर गुडघ्याच्या वाटीवरून येऊन इथं, या जागी ओढ देतो. उंची भराभर वाढत असते तेव्हा ती ओढ आधीच जास्त. त्यात तुम्ही वरून उड्या मारायला लावल्या, त्याही कडक जमिनीवर, रोज. हाड ओढलं जाणारच. मोठ्यांचा व्यायाम निम्मा करून लेकराला देता येत नाही, सर. लेकराचा व्यायाम वेगळाच असतो."

"आमच्या पुस्तकात होतं," बाबा अगदी हळू म्हणाले. "वाढीच्या वयाचा एक धडा होता. परीक्षेला आला होता मला."

औषध असं काही नव्हतंच. पळणं बंद, उड्या बंद, पायाला आराम. वाढ पुरी झाली की दुखणं थांबेल, टेंगूळ मात्र तसंच राहील, असं डॉक्टर म्हणाले.

एस. टी. फाट्यावर थांबायची. तिथून गाव लांब होतं. बाबांनी मला पाठीवर घेतलं. मी त्यांच्या खांद्याला लागत होते तेव्हा. माझे पाय त्यांच्या गुडघ्यांच्याही खाली लोंबत होते, आणि ती खाकी चड्डी अजून अंगावर होती. शेतातून परतणारी माणसं विचारायची, "काय झालं, सर?" बाबा म्हणायचे, "पाय मुरगळला." आमच्या वाड्यातली ती चार माणसं थोड्या अंतरानं मागून येत होती. आपण सगळ्या वाड्याचं नाक कापलं असं मला वाटत होतं आणि मी बाबांच्या मानेमागं तोंड लपवून होते. त्यांच्या सदऱ्याला घामाचा आणि चुन्याचा वास येत होता.

आईनं सगळं ऐकून घेतलं. ती बाबांवर ओरडली नाही. त्यांना पाणी दिलं, माझ्या पायाला हळद लावली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाहिलं, तर ती त्या चड्डीचं पोतेरं करून चुलीपुढची जमीन सारवत होती.

पुढचं वर्षभर ड्रिलच्या तासाला मी मैदानाच्या कडेच्या चिंचेखाली बसायची. पोरं मला 'सराची लंगडी' म्हणायची. बाबांना ते ऐकू यायचं. आता ते पोरांना शिक्षा करत नव्हते. ते माझ्याकडं बघतच नव्हते. घरीही ताटावर बसलो की आईला म्हणायचे, "तिला भाकरी वाढ," जणू मी दुसऱ्या खोलीत आहे. ते रागावले आहेत असं मी धरून चालले होते. मी त्यांचं सगळ्या तालुक्यासमोर हसं केलं होतं. त्यांना माझी लाज वाटत असणार, यात मला काही शंका नव्हती.

पण त्यांचा ड्रिलचा तास बदलला होता. सगळ्यांत आधी बेडूकउड्या गेल्या. मग बैठका. रांगा लावून हात वर, हात खाली, तेही कमी झालं. लहान वर्गांना ते नुसतं शिवाशिवी, विषामृत, खो-खो खेळायला लावायचे. मोठ्यांना मुरमाऐवजी ओढ्याच्या वाळूत पळायला न्यायचे आणि मधून मधून बसवायचे. तास सुरू व्हायच्या आधी रांगेतून फिरत एकेकाला विचारायचे, "कुठं दुखतं का?" पहिल्यांदा पोरं हसली. मग हुशार झाली. ज्याला खेळायचा कंटाळा तो म्हणायचा, "सर, गुडघा." बाबा त्याला चिंचेखाली पाठवायचे. त्यांना खरं-खोटं करायचंच नव्हतं. कधी कधी माझ्याभोवती अर्धा वर्ग बसलेला असायचा.

मुख्याध्यापक एकदा व्हरांड्यातून म्हणाले, "सर, हा ड्रिलचा तास आहे का बाजार?"

"लेकरं खेळून राहिलीत, सर."

"खेळायला शाळेत कशाला यावं लागतं?"

मुख्याध्यापक आत गेल्यावर बाबांनी खेळ पुन्हा सुरू केला. मी चिंचेखालून ते बघितलं. बाबांना कुणी बोललं की माझे कान तापायचे, आणि हे माझ्यामुळं झालं असं वाटायचं.

दहावीत जाईपर्यंत माझं दुखणं गेलं. कधी गेलं ते नेमकं कळलं नाही. एक दिवस पाण्याची घागर घेऊन चढण चढले आणि वर आल्यावर ध्यानात आलं, दुखलं नाही. टेंगूळ होतं, पण दाबलं तरी काही होत नव्हतं. मी आईला सांगितलं. आई म्हणाली, "चांगलं झालं." बाबा तिथंच पेपर वाचत होते. त्यांनी पान उलटलं. पळशील का, असं ते म्हणाले नाहीत, आणि पळू का, असं मला विचारता आलं नाही. तोवर मी परकर-पोलक्यात आले होते.

त्याच वर्षी ओढ्यापलीकडच्या तांड्यावरची एक पोरगी आठवीत आली. बारीक, काटक, वासरामागं पळून तयार झालेली. तिला बघताच बाबांचा चेहरा बदलला ते मला वर्गाच्या खिडकीतून दिसलं. पण त्यांनी तिला लगेच पळवलं नाही. आधी ते तांड्यावर गेले, तिच्या बापाशी, मग तिच्या याडीशी, म्हणजे आईशी बोलले. तिला परकरातच पळू दिलं, फक्त तो कमरेला कसा खोचायचा ते माझ्या आईकडून शिकवून घेतलं. रोज नाही, दिवसाआड यायचं. वाळूत पळायचं. दर महिन्याला ते तिला आमच्या घराच्या दाराला पाठ लावून उभी करायचे आणि डोक्याच्या वर चौकटीवर कोळशानं रेघ मारायचे. रेघ भराभर वर चढायला लागली की पळणं कमी. आमच्या दाराच्या चौकटीवर त्या पोरीची वाढ लिहिली जात होती. माझी एकही रेघ त्यावर नव्हती.

पळून झालं की ती आमच्याकडं यायची. आई तिला भाकरी आणि दूध द्यायची. दूध बाबांनी तिच्यासाठी म्हणून सुरू केलं होतं. "घरी सांगू नका," ती म्हणायची, "तुमच्याकडं जेवले म्हणून." आई म्हणायची, "न्हाई सांगत. खा." वाढायला मी असायची. बाबा उंबऱ्यावर बसून तिला विचारायचे, "पाय दुखतो का?"

"न्हाई, सर."

"गुडघ्याखाली? दाबून बघ."

"न्हाई."

"दुखला तर सांगायचं. लाजायचं न्हाई. त्यात लाजण्यासारखं काही नसतं."

दर खेपेला हे बोलणं व्हायचं, माझ्यासमोर. मी भाकरीचं टोपलं उचलून आत जायची. ज्या पोरीनं माझं काही बिघडवलं नव्हतं, तिच्या दुधाच्या पेल्याकडं मला बघवायचं नाही, आणि आत गेल्यावर त्याचीही शरम वाटायची. हे शहाणपण बाबांना कुठून आलं ते मला माहीत होतं. ते माझ्या पायातून काढून तिच्या पायाला लावलं होतं.

एकदा बाबा चुलीजवळ आले. माझ्याकडं न बघता म्हणाले, "तिला संगतीला कुणी असलं तर बरं. पळतीस का? हळूहळू."

मी आईकडं बघितलं. आई भाकरी थापत होती, तिनं मान वर केली नाही. डोळ्यांपुढं ते मैदान आलं, कर्णा थांबलेला, आणि मी मधोमध बसलेली.

"नको," मी म्हटलं.

"बरं," बाबा म्हणाले आणि गेले. त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

ती पोरगी तालुक्याला पहिली आली, आणि परभणीला जिल्ह्याच्या स्पर्धेत तिसरी. परत आली त्या दिवशी तिचा बाप आणि बाबा फाट्यापासून तिच्या दोन्ही बाजूंनी चालत आले. तांड्यावर जायच्या आधी ती आमच्याकडं थांबली. मी चहा ठेवला. ती माझ्याजवळ चुलीपाशी येऊन बसली आणि म्हणाली, "सर सांगत होते एस. टी.त, तू माझ्यापेक्षा जोरात पळायचीस म्हणे."

मी चहात साखर घालत होते. "कधी म्हणाले?"

"नेहमीच म्हणतात. तुझा पाय उचलायची ढब कुणालाच यायची न्हाई म्हणतात. मग सोडलंस काहून?"

बाबा दारात उभे होते. त्यांनी ऐकलं होतं. मी त्यांच्याकडं बघितलं आणि त्यांनी माझ्याकडं, कितीतरी दिवसांनी, आणि त्या एका क्षणात मला कळलं की ते माझ्यावर रागावलेले कधीच नव्हते. त्यांचे डोळे माझ्यासारखेच खाली गेले. एका घरात दोन वर्षं आम्ही दोघं एकाच गोष्टीनं शरमून एकमेकांपासून तोंड लपवत होतो.

"पाय दुखायचा तिचा," आईनं मागून उत्तर दिलं. "चहा घे, गार होईल."

बाबा पाय धुवायला अंगणात निघून गेले.

पुढच्या उन्हाळ्यात त्या पोरीचं लग्न झालं. बाबा दोनदा तांड्यावर जाऊन तिच्या बापाला सांगून आले, एक वर्ष थांबा म्हणून. बापानं त्यांना खाटेवर बसवलं, सगळं ऐकून घेतलं आणि लग्नाचं आमंत्रण दिलं. त्यानंतर बाबांनी स्पर्धेसाठी म्हणून कुणाला तयार केलं नाही. ड्रिलचा तास मात्र निवृत्त होईपर्यंत तसाच घेतला, पोरांना विचारत, कुठं दुखतं का.

मी पुढं डी. एड. केलं आणि मास्तरीण झाले. माझ्या वर्गाचा खेळाचा तास मीच घेते. खेळ समजावून सांगते, रेषा आखते, शिट्टी वाजवते, कुणी दमलं तर बसवते. लेकरं कधी कधी म्हणतात, बाई, तुम्ही पण या ना. मी नको म्हणते. बाबा आता नाहीत. ते होते तोवर आम्ही त्या दिवसाबद्दल कधीच बोललो नाही. एकदा, शेवटच्या आजारपणात, मी त्यांचे पाय चेपत होते तेव्हा ते म्हणाले, "तुझा गुडघा..." आणि थांबले. मी म्हटलं, "काही नाही, बाबा, कधीचाच बरा झालाय." त्यांनी मान भिंतीकडं वळवली, आणि मी पाय चेपत राहिले.